फुगराय, ऑग्सबर्ग: वर्षाचं भाडं ८८ सेंट आणि रोज तीन प्रार्थना

जर्मनीतल्या ऑग्सबर्गची फुगराय ही आजही वापरात असलेली जगातली सर्वांत जुनी गरिबांसाठीची वसाहत मानली जाते. याकोब फुगर या सावकाराने तिचं दानपत्र २३ ऑगस्ट १५२१ रोजी केलं. आज तिथे ६७ घरांत मिळून १४० च्या आसपास बिऱ्हाडं आहेत, साधारण दीडशे माणसं राहतात, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचं भाडं ८८ सेंट आहे. हे वर्षाचं भाडं. पाचशे वर्षांपूर्वी ठरलेला एक राइनी गुल्डन, त्याचे आजच्या चलनात तेवढे होतात. त्या काळी ती कारागिराची साधारण आठवड्याची मजुरी होती. वीज आणि हीटिंगचा खर्च रहिवासी स्वतः करतात. भाड्याखेरीज आणखी एक अट आहे: संस्थापक आणि त्याच्या घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली.

बाहेरच्यांना तिकीट काढून आत जाता येतं. मी गेले तेव्हा मोठ्यांचं तिकीट आठ युरो होतं, म्हणजे तिथल्या रहिवाशाचं नऊ वर्षांचं भाडं मी दारातच दिलं. ते पैसे वसाहतीच्या देखभालीला जातात, त्यामुळे मला जड वाटले नाहीत.

माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. सासरे, म्हणजे पप्पा, उन्हाळ्यात म्युनिकला आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना राजवाडे बघायचे नव्हते. 'जिथे देवाचं काहीतरी घडलंय असं ठिकाण दाखव,' म्हणाले. म्हणून ऑग्सबर्ग. हा अभिप्राय मुख्यतः आपल्या ख्रिस्ती मंडळींसाठी लिहिते आहे. माणूस देवाच्या कृपेने तरतो की चांगल्या कामांनी, यावर आपल्याकडे उपदेश पुष्कळ होतात, पण या एका शहरात त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू विटा-चुन्यात उभ्या आहेत, आणि एका दिवसात पायी बघून होतात. पण ज्यांना धर्माशी देणंघेणं नाही त्यांनाही ही जागा आवडेल. घरं कशी बांधावीत हे शिकण्यासारखं आहे.

आधी घरांविषयी. पिवळसर रंगाच्या दुमजली सरळ ओळी, हिरव्या झडपा, भिंतींवर चढलेले वेल. मला सर्वांत आवडलं ते हे: तळमजला आणि वरचा मजला, दोघांनाही रस्त्यावरून आपापला वेगळा दरवाजा आहे. खालच्याला लहानशी बाग मिळते, वरच्याला माळा. कुणी कुणाच्या उंबऱ्यातून जायचं नाही. गरिबाला घर देताना त्याला स्वतःचं दार द्यावं हे १५२१ मध्ये कुणाला तरी सुचलं होतं. मुंबई-पुण्यात पुनर्वसनाच्या इमारती बघितल्या आहेत त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल. दारांवरच्या घंटांच्या ओढण्या वेगवेगळ्या आकाराच्या आहेत, रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात हात लावून आपलं दार ओळखता यावं म्हणून. पप्पांनी चारपाच दारांपुढे थांबून त्या निरखून पाहिल्या. हात लावला नाही, कारण दारामागे माणसं राहतात.

एक घर जुन्या काळी होतं तसं मांडून ठेवलं आहे, एक आजच्या पद्धतीने. दोन्ही बघा. एका भिंतीवर पाटी आहे: संगीतकार मोत्सार्टचा पणजोबा, गवंडी होता, तो उतारवयात इथे राहिला. रात्री दहाला फाटकं बंद होतात. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याला पन्नास सेंट द्यायचे, मध्यरात्रीनंतर एक युरो. वसाहतीचं स्वतःचं चर्च आहे, संत मार्काचं, १५८० च्या दशकात बांधलेलं. पप्पा तिथे गुडघे टेकून बसले. मी मागच्या बाकावर.

त्या तीन प्रार्थना कुणी म्हटल्या की नाही हे तपासलं जात नाही. हजेरी नाही, वही नाही. पप्पांना हे फार पटलं. मला सुरुवातीला त्या अटीचाच त्रास होत होता. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, की देवापुढे व्यवहार चालत नाही. आणि इथे तर उघड व्यवहार दिसतो: मी तुला घर देतो, तू माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना कर. त्या काळच्या युरोपात श्रीमंत माणसं दान करायची ती याच समजुतीने. मेल्यावर स्वर्गाआधी आत्मा जिथे शुद्ध होतो त्या शुद्धिस्थानातली मुदत जिवंत माणसांच्या प्रार्थनांनी कमी होते, आणि गरिबाची प्रार्थना देव आधी ऐकतो. फुगरच्या हिशेबाच्या वह्यांत संत उलरिख या ऑग्सबर्गच्या रक्षक संताच्या नावाने स्वतंत्र खातं होतं आणि दानधर्माचा पैसा त्या खात्यावर चालायचा. संत त्याच्या पेढीचा खातेदारच होता म्हणा ना.

आणि हा पैसा कुठून आला होता तेही इथेच सांगायला हवं. टिरोलची चांदी, हंगेरीच्या राज्यातलं तांबं, राजे आणि बिशपांना दिलेली कर्जं. १५१९ मध्ये पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून आला तो मतं विकत घेऊन, आणि त्या पैशाचा मोठा वाटा फुगरचा. १५०५ मध्ये फ्रांसिस्कु द आल्मेइदाचा पोर्तुगीज काफिला हिंदुस्थानला निघाला, त्यात भांडवल घालणाऱ्या जर्मन पेढ्यांत फुगरची पेढी होती. तोच आल्मेइदा पुढे १५०८ च्या अखेरीस आपल्या दाभोळवर चालून गेला आणि गाव जाळलं. त्या स्वारीत फुगरचा हात होता असं मी म्हणत नाही. पण मिरीच्या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्या घराण्याची वसाहत बघताना कोकणच्या माणसाला हे आठवणारच, आणि आठवावं.

शिवाय पापमुक्तीची पत्रं, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणारे चर्चचे कागद. ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टला माइन्झचा आर्चबिशप व्हायचं होतं, त्यासाठी रोमला जी रक्कम भरावी लागली ती त्याने फुगरकडून कर्जाऊ घेतली. फेडण्यासाठी त्याच्या प्रदेशात पापमुक्तीची पत्रं विकायची परवानगी मिळाली. निम्मा पैसा रोमला, सेंट पीटरच्या बांधकामासाठी, निम्मा कर्जफेडीला. विक्री करणाऱ्या टेट्झेलबरोबर फुगरच्या पेढीचा माणूस हिशेबाला असायचा. याच विक्रीवरून मार्टिन ल्यूथर हा जर्मन संन्यासी पेटला आणि ३१ ऑक्टोबर १५१७ ला त्याचे ९५ मुद्दे बाहेर पडले. पुढे १५२० मध्ये त्याने फुगरसारख्या कंपन्यांच्या तोंडात लगाम घालायला हवा असंही लिहिलं. म्हणजे ज्या फुगरच्या कर्जामुळे प्रॉटेस्टंट पंथ जन्माला घालणाऱ्या धर्मसुधारणेची ठिणगी पडली, त्यानेच चार वर्षांत ही वसाहत बांधून गरिबांना दिली. ल्यूथर वर्म्सच्या राजसभेत सम्राटासमोर उभा राहिला तो १५२१ चा एप्रिल, आणि फुगरायचं दानपत्र झालं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

असं असूनही फाटकावरच्या शिलालेखापाशी मी बराच वेळ थांबले. तो लॅटिनमध्ये आहे, १५१९ चा. त्याचा मथितार्थ असा: उलरिख, गेओर्ग आणि याकोब हे फुगर बंधू, आपली संपत्ती सर्वसमर्थ चांगल्या देवाकडून मिळाली आहे आणि ती त्याला परत करायला हवी, अशा खात्रीने, कष्टाळू पण गरीब अशा आपल्या शहरवासीयांना १०६ बिऱ्हाडांची घरं देत आहेत. इथे क्रम बघा. आधी मिळालं, मग दिलं. 'दिलं म्हणून मिळेल' असं त्या दगडावर लिहिलेलं नाही. फुगरच्या मनात काय होतं ते देव जाणे. पण लिहिलेलं वाक्य बरोबर आहे, आणि ते कुठल्याही ल्यूथरन व्यासपीठावरून वाचता येईल.

मी मोठ्याने हे बोलल्यावर पप्पा म्हणाले, 'पोरी, आमच्या चर्चनेही कधी वेगळं सांगितलं नाही. तुम्ही लोकांनी आम्हाला नीट ऐकलं नाही.' मी म्हटलं, 'पप्पा, तुमच्याच लोकांनी पत्रं विकली.' ते म्हणाले, 'विकली. ते पाप होतं. पण ते पाप होतं, शिकवण नव्हती.' या बोलण्यातच आम्ही सेंट आनाच्या चर्चला पोचलो, आणि तिथे या भांडणाला जो आधार मिळतो तो दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही. म्हणून या अभिप्रायात सेंट आनाही धरते. एकटी फुगराय बघून परत आलात तर अर्धीच गोष्ट कळेल.

सेंट आना हा मुळात कार्मेलाइट या कॅथलिक संन्याशांचा मठ. ऑक्टोबर १५१८ मध्ये ल्यूथर इथे उतरला होता. रोमहून आलेल्या कार्डिनल कायेतानसमोर त्याची चौकशी व्हायची होती, आणि ती झाली फुगरच्या राहत्या वाड्यात. तो वाडा माक्सिमिलियान रस्त्यावर आजही आहे. १२ ते १४ ऑक्टोबर अशा तीन भेटी झाल्या. कायेतानला एवढंच हवं होतं की ल्यूथरने आपलं म्हणणं मागे घ्यावं. अडलं ते दोन मुद्द्यांवर. पहिला, चर्चपाशी ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा खजिना आहे आणि पोप त्यातून वाटू शकतो, ही १३४३ च्या पोपच्या फर्मानातली शिकवण. ल्यूथर म्हणत होता, ख्रिस्ताचं पुण्य हे पोपच्या किल्लीने उघडायचं गाठोडं नाही, ते पोपशिवायही माणसावर कृपा करतं. दुसरा मुद्दा विश्वासाचा: प्रायश्चित्ताच्या संस्कारात 'तुझी क्षमा झाली' हे शब्द ऐकणाऱ्याने त्यावर निःशंक विश्वास ठेवायचा की नाही. ल्यूथरसाठी सगळं यावर टिकलेलं होतं. क्षमा झाली की नाही याची टांगती तलवार डोक्यावर असेल तर माणूस चांगली कामं करतो ती भीतीने, आणि भीतीने केलेलं काम प्रेमाचं नसतं. बोलणं फिसकटलं. २० ऑक्टोबरच्या रात्री ल्यूथर शहरातून निसटला.

सावकाराच्या घरात बसून पुण्याच्या खजिन्यावर वाद झाला, हे मी आधी वाचलेलं होतं, पण दोन्ही जागा एकाच दुपारी पायाखाली घातल्यावर ते मनावर उमटलं.

चर्चमध्ये शिरल्यावर एका टोकाला संगमरवरी फरशीचं फुगर घराण्याचं देवघर आहे. १५०९ ते १५१२ मध्ये बांधलेलं, जर्मनीतलं रेनेसान्स शैलीचं पहिलं बांधकाम म्हणून ओळखलं जातं. भावांच्या स्मृतिशिळांची रेखाटनं आल्ब्रेख्ट ड्यूररची. १५२५ च्या ३० डिसेंबरला याकोब वारला, इथेच पुरला. पण त्याच वर्षीच्या नाताळात याच चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस दोन्ही सगळ्यांना वाटून सुधारलेल्या पद्धतीने प्रभूभोजन झालं होतं, आणि पुढे चर्च ल्यूथरन झालं. तेव्हापासून हा कॅथलिक सावकार ल्यूथरन चर्चमध्ये झोपलेला आहे. देवघर आणि चर्च यांच्यामध्ये भिंत नाही. पप्पांनी तिथे उभं राहून त्याच्यासाठी हळू आवाजात नमो मरिया म्हटली. मी म्हटली नाही, आमच्यात मेलेल्यांसाठी म्हणत नाहीत. पण मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

याच चर्चमध्ये ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या शिकवणीवरच्या एकत्र घोषणापत्रावर सह्या केल्या. कॅथलिक बाजूने कार्डिनल एडवर्ड कॅसिडी, ल्यूथरन बाजूने बिशप क्रिस्टियान क्राउझे. मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड या इतर प्रॉटेस्टंट मंडळ्याही नंतर त्यात सामील झाल्या, २००६ आणि २०१७ मध्ये. आपल्याकडे चर्चमध्ये याविषयी कुणी बोलताना मी क्वचितच ऐकलं आहे, आणि हे मला खटकतं. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आम्हाला जे काही ऐकवलं त्यातलं बरंचसं या कागदाने निकालात काढलं आहे.

त्याचा गाभा माझ्या शब्दांत असा. देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, ख्रिस्ताने जे केलं त्यावर विश्वास ठेवून, आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे. आणि तो स्वीकारतो तेव्हा पवित्र आत्मा देतो, जो आपलं मन नवं करतो, आणि चांगल्या कामांसाठी आपल्याला तयार करतो, बोलावतो. कामं मागून येतात. ती फळं आहेत. कॅथलिक लोक 'पुण्य' किंवा 'प्रतिफळ' म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं, की बायबलमध्ये या कामांना स्वर्गात प्रतिफळ मिळेल असं वचन आहे. ते प्रतिफळही देणगीच असतं. ल्यूथरन लोक ते नाकारतात तेव्हा त्यांचा भर यावर असतो, की देवापुढची आपली किंमत कमीजास्त होत नाही, ती ख्रिस्ताकडून पूर्ण मिळालेली आहे. दोन्ही बाजूंनी मान्य केलं, की यावरून १६ व्या शतकात एकमेकांना घातलेले शाप या घोषणापत्रातल्या शिकवणीला लागू होत नाहीत. हे सगळ्यांना पटलं असं नाही. दीडशेहून अधिक जर्मन प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी सह्या करून विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, मतभेद झाकले गेले. काही मतभेद उरलेच आहेत, त्या देवघरासमोर आम्ही दोघं उभे होतो तेव्हाही ते होतेच. पण मी सह्या करणाऱ्यांच्या बाजूची आहे.

कारण जुने कागद उघडले तर दोन्ही बाजू हेच सांगत होत्या. १५३० मध्ये ऑग्सबर्गलाच ल्यूथरन राजेरजवाड्यांनी सम्राटासमोर आपला विश्वासनामा वाचला. त्यातल्या विसाव्या कलमाची सुरुवातच अशी आहे, की आमचे शिक्षक चांगली कामं करू नका म्हणतात हा खोटा आरोप आहे. आणि १५४७ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने लिहून ठेवलं, की नीतिमान ठरण्याआधी माणसात जे काही असतं, विश्वास असो की कर्म, त्यातलं काहीही ती कृपा कमावू शकत नाही. हे दुसरं मी म्युनिकला परतताना गाडीत पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'मी काय सांगत होतो!' मग मी विसावं कलम वाचलं. तेव्हा गप्प बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, 'हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही.'

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. माझी पणजी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींतली एक. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, तिथे वाचायला शिकली, ख्रिस्ती झाली. आमच्या घराण्याला 'पोटासाठी बाटलेले' हे शब्द तीन पिढ्या ऐकावे लागले. लहानपणी मला त्याचा राग यायचा आणि मी पणजीच्या हुशारीच्या गोष्टी सांगून तिची लायकी सिद्ध करायला जायची. आता मला ती गरज वाटत नाही. ती लहान होती, उपाशी होती, तिने काही कमावलं नव्हतं, आणि कुणीतरी तिला उचलून घेतलं. ख्रिस्ती माणूस देवापुढे असाच उभा असतो. रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तारण ही फुकट मिळालेली देणगी आहे हे आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी उमगलं असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. दुष्काळातल्या मुली आणण्याचं त्यांचं मोठं काम हे उमगल्यानंतरचं आहे. मग पणजीने आयुष्यभर केडगावला आणि नंतर नगरला लहान मुलींना शिकवलं, ते कुणाची परतफेड म्हणून केलं असं मला वाटत नाही. तिला दुसरं काही सुचलंच नसेल.

याच कारणाने फुगरायची एक गोष्ट मला पटत नाही. इथे घर मिळायला माणूस ऑग्सबर्गचा हवा, गरजू हवा, आणि कॅथलिक हवा. दानपत्राच्या काळापासून घरं आहेत ती कष्टाळू, सचोटीच्या गरिबांसाठी, भिकाऱ्यांसाठी नव्हेत. शिलालेखातही 'कष्टाळू पण गरीब' असंच आहे. पाचशे वर्षांपूर्वी हे समजण्यासारखं होतं, आणि संस्थेला काही ना काही नियम लागतोच, नाहीतर १४० बिऱ्हाडांसाठी रांग कशी लावणार? तरीही, ज्या देवाकडून मिळालं म्हणून फुगर बंधू परत देतात, त्याने देताना लायकी पाहिली नव्हती. धर्माची अट आज काढून टाकली तर शिलालेख जास्त खरा होईल असं माझं मत आहे. पप्पांचं मत वेगळं: दात्याची इच्छा मोडू नये, आणि कॅथलिक नसतील ते त्या तीन प्रार्थना कशा म्हणणार? मी म्हटलं, दोन तर आम्हीही म्हणतो.

बंकरमधलं प्रदर्शन चुकवू नका. महायुद्धात रहिवाशांसाठी इथे तळघर-बंकर बांधला होता. २५ आणि २६ फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ऑग्सबर्गचं जुनं शहर जळालं, फुगरायचा मोठा भाग ढासळला, पण बंकरमधली माणसं वाचली. त्यानंतर काही दिवसांतच, १ मार्चला, फुगर घराण्याने ती पुन्हा बांधायचा निर्णय घेतला, युद्ध चालू असताना. पैसा आला घराण्याच्या जंगलांतून, आजही संस्थानाचं बरंचसं उत्पन्न जंगलांतून येतं. त्या खोलीत उतरल्यावर याकोबच्या हेतूविषयीची माझी तक्रार जरा मागे पडली. त्याला स्वर्गासाठी प्रार्थना विकत घ्यायच्या होत्या असं धरलं, तरी १९४४ मध्ये ढिगाऱ्यासमोर उभं राहून पुन्हा बांधणाऱ्यांना कसली खरेदी करायची होती? चांगलं काम देवाने आधीच वाटेत मांडून ठेवलेलं असतं आणि आपण त्यात चालायचं असतं, असं पौल इफिसकरांना लिहितो. आज तिथे म्हातारी माणसं आहेत, एकट्या बायका आहेत, मुलं असलेली कुटुंबं आहेत, आणि मदतीला समाजसेविका आहे.

आता व्यवहाराचं. म्युनिकहून रीजनल गाडीने पाऊण तास, बायर्न तिकीट काढलंत तर दोघातिघांना स्वस्त पडतं. स्टेशनवरून आधी सेंट आनाला चालत जा, दहा मिनिटं. प्रवेश फुकट आहे. वरच्या मजल्यावर ल्यूथरच्या मुक्कामाच्या खोल्यांत लहान संग्रहालय आहे, जिने चढावे लागतात. मग फुगरचा वाडा बाहेरून बघा, आतल्या अंगणात डोकावा, आणि तिथून फुगराय चालत किंवा १ नंबरच्या ट्रामने, थांब्याचं नावच फुगराय आहे. आम्ही फुगराय आधी आणि सेंट आना नंतर केलं, पण उलट क्रम चांगला: ल्यूथरचं म्हणणं ऐकून मग शिलालेख वाचा. फुगरायला दोन तास ठेवा. जमीन सपाट आहे, पप्पांच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. फोटो काढताना खिडक्यांकडे कॅमेरा नको, ती लोकांची घरं आहेत. वेळ उरला तर संत उलरिख आणि आफ्राचं मोठं कॅथलिक चर्च आणि त्याला खेटून उभं असलेलं छोटं ल्यूथरन चर्च, दोन्ही बघा.

जमलं तर ८ ऑगस्टला जा. त्या दिवशी फक्त ऑग्सबर्ग शहरात सार्वजनिक सुट्टी असते, शांतीचा सण, १६५० पासूनचा, प्रॉटेस्टंटांनी सुरू केलेला आणि आता सगळे मिळून साजरा करतात. दुकानं बंद असतात, म्हणून डबा सोबत घ्या. पप्पा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत आणि तारीख त्यांनी आत्ताच सांगून ठेवली आहे.